चाकूचा फोटो कसा काढावा, कसा वाचावा

छंद काय, असं कुणी विचारलं आणि मी "चाकूंचे फोटो जमवते" असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या पिशवीकडे. नाणी, तिकिटं, शंखशिंपले जमवणाऱ्यांच्या वाट्याला ही नजर येत नाही. त्यात मी मुलगी, म्हणून प्रश्न आणखी दोन जास्त. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकते : माझ्या पिशवीत चाकू नसतो. असतो तो फोन, एक सहा इंची स्टीलची पट्टी, पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा आणि काळं सुती कापड. बाकी सगळा संग्रह फोनमध्ये. घडीचे चाकू, सरळ पात्याच्या सुऱ्या, कोयते, विळे, विळ्या असे आजवर चारशेच्या वर फोटो झाले आहेत. काही मी स्वतः काढलेले, काही मित्रमैत्रिणींनी पाठवलेले, आणि तितकेच मी त्यांना पाठवलेले.

वाङ्मय मंडळाच्या अंकात चाकूचं काय काम, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर लेखाच्या मध्यावर आपोआप येईल. आधी चाकू म्हणजे नेमकं काय बघायचं, ते समजून घेऊ.

दोन घराणी

जगातले सगळे चाकू दोन घराण्यांत बसतात. एक सरळ पात्याचं, म्हणजे पातं मुठीत कायमचं बसवलेलं. दुसरं घडीचं, म्हणजे पातं मुठीत मिटणारं.

सरळ पात्याचं घराणं अर्थातच थोरलं. दगडाची धारदार कपची हातात धरली, तेव्हापासूनचं. त्याच्या फोटोत पहिल्यांदा बघायचं ते पात्याचं टोक नव्हे, तर पातं आणि मूठ जिथे मिळतात तो सांधा. पात्याचं लोखंड मुठीत किती आत गेलं आहे, यावर चाकूचं आयुष्य ठरतं. स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुरीत लोखंडाची पट्टी मुठीच्या पार टोकापर्यंत जाते. तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या बसवून आरपार रिबिट ठोकलेले असतात. फोटोत मुठीच्या पाठीवर लाकूड, लोखंड, लाकूड असे तीन थर दिसले, की समजावं वस्तू टिकाऊ आहे. फिनलंडच्या 'पुक्को' नावाच्या चाकूत वेगळी रीत दिसते. लोखंडाची निमुळती शेपटी भूर्जाच्या लाकडात आत घुसवलेली असते, बाहेरून काहीच दिसत नाही. थंडीच्या देशात उघडं लोखंड तळहाताला लागू नये, हा त्याचा एक फायदा. आपल्याकडच्या कोयत्यालाही शेपटीच असते. ती तापवून लाकडी मुठीत ठोकतात आणि मूठ फुटू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडं चढवतात.

घडीचं घराणं धाकटं वाटलं, तरी तेही काही कालपरवाचं नाही. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे सापडलेला घडीचा चाकू इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तर रोमन काळातलं एक घडीचं अवजार आहे. त्यात चमचा, काटा, सुरी, टोचणी असं सगळं एकाच मुठीत मिटतं. स्विस चाकू बघून आपण थक्क होतो, पण ही युक्ती दीड हजाराहून अधिक वर्षं जुनी आहे.

आणि आपल्या घरातला सगळ्यात मोठा घडीचा चाकू कुठला? विळी. पाटाला बसवलेली, काम झालं की पातं आडवं मिटून भिंतीशी उभी करायची, ती घडीची विळी. कोकणीत आपण तिला आदोळी म्हणतो. बाकीच्या जगात भाजी स्थिर असते आणि चाकू हलतो. आपल्याकडे पातं पायाखाली पक्कं असतं आणि हातातली भाजी हलते. दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून मासळी साफ करताना तिची बरोबरी कुठल्याही सुरीला करता येत नाही. पात्याच्या टोकाला खवणी असली तर नारळाचंही काम तिथेच. माझ्या संग्रहात विळ्यांचे एकतीस फोटो आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. कुठे पाटाला चार पाय, कुठे दोनच. कुठे पातं हंसाच्या मानेसारखं, कुठे साधं कोयत्यासारखं.

घडी थांबते कशी?

घडीच्या चाकूत खरं कौतुक पात्याचं नसतं, ते खटक्याचं असतं. उघडलेलं पातं काम करताना बोटांवर मिटू नये, यासाठी माणसाने काय काय केलं, ते फोटोंतून ओळीने बघायला मजा येते.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे खटकाच नसलेला. पातं एका खिळ्यावर फिरतं आणि नुसत्या घर्षणावर थांबतं. जपानच्या मिकी गावचा 'हिगोनोकामी' असा आहे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, आणि पात्याच्या मागे निघालेली एक छोटी शेपटी. चाकू उघडल्यावर ती शेपटी अंगठ्याने मुठीवर दाबून धरायची. म्हणजे इथे खटका तुमचा अंगठाच.

दुसरा प्रकार पाठीच्या स्प्रिंगचा. मुठीच्या पाठीत एक लांब पोलादी पट्टी असते. ती पात्याच्या मुळाशी असलेल्या चपट्या भागावर दाबून बसते. पातं उघडताना आणि मिटताना जो 'कट्ट' आवाज येतो, तो याच पट्टीचा. ती पात्याला अडवून धरते, पण कुलूप लावत नाही. जोर दिला तर पातं मिटतं. स्विस चाकू याच जातीचा. कार्ल एल्सनर या कारागिराने १८८४ मध्ये श्वित्स परगण्यातल्या इबाख गावी कारखाना काढला. १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला आणि १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू नोंदवला. एकाच पट्टीच्या दोन्ही बाजूंना हत्यारं बसवायची त्याची युक्ती आजही तशीच चालू आहे. कारखान्याचं नाव त्याने आईच्या नावावरून 'व्हिक्टोरिया' ठेवलं. पुढे न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' त्याला जोडला गेला आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' तयार झालं.

तिसरा प्रकार खऱ्या कुलपाचा. त्यात मला सगळ्यात आवडतं ते फ्रान्सच्या सावोय भागातल्या 'ओपिनेल'चं. जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये हा शेतकऱ्याचा चाकू बनवला : गोल लाकडी मूठ, तिला एक खाच आणि खाचेत पातं. १९५५ मध्ये त्यात मुठीच्या गळ्याशी एक फिरणारं कडं आलं. कडं थोडं फिरवलं की त्याची फट बंद होते आणि पातं मागे येऊच शकत नाही. एवढं सोपं! फोटोत त्या कड्याची फट कुठे आहे ते बघा, म्हणजे चाकूला कुलूप लागलेलं आहे की नाही ते तुम्हीच सांगाल.

खुणा वाचायला शिका

फोटो मोठा करून पात्याच्या मुळाशी बघितलं की बहुधा एक खूण सापडते. चाकूची जन्मपत्रिका तीच.

ओपिनेलच्या पात्यावर आशीर्वादाला उंचावलेला हात आणि त्यावर मुकुट असतो. मुकुट सावोयच्या सरदार घराण्याचा. हात मात्र सेंट जॉन द बाप्टिस्ट यांचा. जवळच्या सें-जाँ-द-मोरियेन या गावाच्या कथेड्रलमध्ये त्यांच्या बोटांचे अवशेष आहेत अशी श्रद्धा आहे. म्हणून हात गावाच्या चिन्हावर आला आणि तिथून चाकूवर. फ्रान्सच्याच 'लायोल' चाकूच्या स्प्रिंगवर एक माशी कोरलेली असते आणि पुष्कळदा मुठीवर बारीक खिळ्यांचा क्रूस. रानात मेंढपाळ चाकू पावात उभा रोवून त्यापुढे प्रार्थना करत, अशी गोष्ट त्या क्रूसाबद्दल सांगतात. गोष्ट खरी की रचलेली हा भाग वेगळा; पण हत्याराकडे प्रार्थनेची वस्तू म्हणून बघावंसं माणसाला वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण खंडेनवमीला विळी-कोयत्यावर हळदकुंकू वाहतो, ते तरी दुसरं काय आहे?

मात्र खूण आहे म्हणून वस्तू अस्सल, असं समजू नका. लायोल हे एका गावाचं नाव. त्या नावाने आणि त्याच माशीसकट स्वस्त चाकू जगात कुठेही बनतात.

'दमास्कस' पात्यांचंही तेच. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असली की किंमत चढते. या नक्षीचं मूळ नाव गाजलं ते हिंदुस्थानातल्या 'वुट्झ' पोलादामुळे, जे आजच्या तेलंगणातल्या आणि दक्षिणेतल्या गावांत मुशीत वितळवून बनत असे. आज बाजारात दमास्कस म्हणून मिळतं ते बहुतेक वेगळं असतं : दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकमेकांवर ठोकून जोडलेले. तेही अस्सल काम आहेच. पण काही पात्यांवर ही नक्षी नुसती वर कोरलेली असते. ओळखायचं कसं? पात्याच्या पाठीचा फोटो मागा. थर खरे असतील तर रेषा बाजूवरून पाठीवर वळून जाताना दिसतात. नक्षी वरवरची असेल तर पाठ कोरी. फोटो पाठवणारा पाठीचा फोटो द्यायला कां कूं करू लागला, तर उत्तर मिळालंच.

तिसरी खूण रंगाची. साध्या पोलादाचं पातं वापरात करडं, निळसर, काळपट होतं. कैरी, आमसूल, लिंबू कापलं की लगेच डाग पडतो. न गंजणाऱ्या पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं, म्हणून ते वर्षानुवर्षं पांढरं राहतं. पुष्कळ जण जुन्या पात्याचा फोटो काढण्याआधी ते राखेने घासून लख्ख करतात. कृपा करून तसं करू नका. तो काळेपणा म्हणजे त्या सुरीने काय काय कापलं त्याची नोंद असते, आणि तो थर पात्याला थोडंफार गंजापासून वाचवतोही.

लेखणीचा भाऊ

आता वाङ्मय मंडळाकडे येऊ. इंग्रजीत खिशातल्या छोट्या चाकूला 'पेननाइफ' म्हणतात. पेनाचा आणि चाकूचा संबंध काय? संबंध सरळ आहे. युरोपात पिसाची लेखणी वापरत, आणि पीस दर थोड्या ओळींनी बोथट होई. ते पुन्हा तासायला लेखकाजवळ चाकू लागेच. मध्ययुगातल्या हस्तलिखितांमधली लेखनिकांची आणि शुभवर्तमानकारांची चित्रं बघा : एका हातात लेखणी आणि दुसऱ्या हातात बारीक सुरी. त्या सुरीने चामड्याचं पान दाबून धरायचं, आणि चुकलेलं अक्षर खरवडून काढायचं. म्हणजे लिहिणं आणि खोडणं, दोन्ही हातांत अगदी समोरासमोर.

आपल्याकडे पीस नव्हतं, बोरू होता. मोडी लिहिणारा कारकून असो की पोथी उतरवणारा, बोरूचं टोक तिरकं छाटायला त्याला धारदार पातं लागे. अक्षराचं वळण हातावर जितकं, तितकंच त्या एका तिरक्या छाटावर अवलंबून. म्हणून मी म्हणते, चाकू हा लेखणीचा सख्खा भाऊ आहे. एकाने आधी धार दिल्याशिवाय दुसरीला शब्द फुटत नव्हता.

आणि मराठीने तर या दोघांना एकाच शब्दात आणून बसवलं आहे. 'कलम' म्हणजे लेखणी, आणि 'कलम' म्हणजे झाडावर बांधायचं तेही. आमच्या गोव्यात हा दुसरा अर्थ जिभेला जास्त जवळचा. आंब्याची कोय पेरली तर येणारं झाड आईसारखाच आंबा देईल याचा भरवसा नसतो. चव जशीच्या तशी पुढच्या झाडात न्यायची तर कलमच बांधावं लागतं. सोळाव्या शतकात इथे आलेल्या जेझुइट पाद्रींनी आंब्याच्या कलमांवर मेहनत घेतली. अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावाचा 'अफोन्स', म्हणजे आजचा हापूस, त्याच परंपरेतला. आपल्या मानकुरादचा गोडवाही झाडामागून झाड असा कलमानेच चालत आला आहे.

कलमाच्या चाकूचा फोटो मुद्दाम शोधून बघा. त्याची धार एकाच बाजूने घासलेली असते. दुसरी बाजू आरशासारखी सपाट. याचं कारण आहे. खुंटाचा आणि डोळकाडीचा छेद इतका सपाट हवा की सालीखालचा जिवंत थर एकमेकाला टेकला पाहिजे. मध्ये हवा राहिली की कलम वाळलं. दोन्ही बाजूंनी घासलेल्या पात्याने छेद किंचित गोलसर येतो, म्हणून साधी सुरी इथे चालत नाही. आमच्या वाड्यावर एक आजोबा कलमं बांधतात. त्यांचा चाकू घडीचा, मूठ लाकडाची, आणि पातं झिजून झिजून मूळच्या निम्मं राहिलेलं. माझ्या चारशे फोटोंत मला एकच ठेवायला सांगितला, तर मी तो ठेवीन.

बदनाम पाती

इथवर सगळं गोड चाललं होतं. पण चाकूबद्दल लिहायचं आणि रक्ताबद्दल बोलायचं नाही, हे खरेपणाला धरून होणार नाही.

उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू एके काळी तिथल्या कारागिरांची शान होता. मग हिंदी सिनेमातल्या प्रत्येक गुंडाने तो उघडला आणि 'रामपुरी' हा शब्दच धमकी झाला. १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पातं बनवण्यावर तिथे बंदी आली आणि धंदा बसला. आता गंमत बघा. २०२३ मध्ये त्याच रामपुरात चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला, गावाची ओळख म्हणून. कारागिरांच्या भट्ट्या थंड होत गेल्यावर त्यांच्या चाकूचा पुतळा झाला.

जपानच्या हिगोनोकामीची गोष्ट याहून विचित्र. तो शाळकरी मुलांच्या पेन्सिली तासायचा चाकू. प्रत्येक दप्तरात असायचा. १९६० मध्ये इनेजिरो असानुमा या राजकीय पुढाऱ्याची सभेच्या व्यासपीठावरच एका सतरा वर्षांच्या मुलाने हत्या केली. वापरली ती आखूड तलवार, हिगोनोकामी नव्हे. पण मुलांच्या हातात पातं नको अशी मोहीम देशभर सुरू झाली आणि बिचारा पेन्सिलीचा चाकू दप्तरातून गेला. एके काळी मिकीत कितीतरी जण तो बनवत. आज ते नाव वापरणारा एकच कारखाना उरला आहे.

आणि आपला कोयता? महाराष्ट्रात ऊसतोडीला नवराबायकोची जोडी जाते, तिला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं आणि त्यांचं सगळं वर्ष, हे त्या एका शब्दात मोजलं जातं. गोव्यात पाडेली माडावर चढतो तो कंबरेला कोयता अडकवून; रेंदेर सूर काढतो तो धारदार कातीने पोय तासून. हा शब्द घामाचा. पण गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्र उघडलं की 'कोयता गँग'. भर रस्त्यात कोयते फिरवणारी पोरं, आणि तेच हातात घेऊन काढलेले रील. शहरातल्या माझ्या एका मावसबहिणीला कोयता म्हटल्यावर नारळ आठवतच नाही, भीती आठवते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोयते-विळे घेऊन बसणाऱ्या एका काकांना मी फोटो काढू का विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "फोटो कित्याक? पोलिसांक दाखोवपाक?"

मी म्हटलं, "नाही काका. हा कसा बनवता ते लिहून ठेवायचंय."

मग त्यांनी पथारीवरून एक कोयता उचलला आणि नखाने टिचकी मारून आवाज ऐकवला. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे आणतात, ते तापवून ठोकतात, आकार आला की धारेची बाजू तेवढी लालबुंद करून 'पाणी पाजतात'. अख्खं पातं पाण्यात बुडवलं तर ते कडक होतं पण ठिसूळ; नारळावर घाव घातला की कपची उडायची. धार कडक आणि पाठ नरम राहिली पाहिजे. पाणी बरोबर बसलं की आवाज घणघणीत येतो, चुकलं की भद्द. हे सगळं त्यांनी मला दहा मिनिटांत सांगितलं. मुलगा काय करतो असं विचारल्यावर म्हणाले, जहाजावर आहे. भट्टी त्यांच्यानंतर पेटणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझ्या छंदामागचं खरं कारण हे आहे. एखाद्या हत्याराचं काम संपत जातं, ते बनवणारा हात थांबतो, आणि शेवटी त्या शब्दात फक्त गुन्हा शिल्लक राहतो. कोयत्याचा फोटो पोलीस ठाण्यातल्या टेबलावर मांडलेल्या मुद्देमालाचाच तेवढा उरू नये. पाडेलीच्या कंबरेचा, मासळीच्या पाटीशेजारचा, आमसुलं फोडून काळ्या पडलेल्या पात्याचाही उरावा.

फोटो काढायची रीत

आता कामाचं. पातं म्हणजे आरसा. समोरून फ्लॅश मारला की त्यात तुम्ही, तुमचा फोन आणि छपराचा पंखा दिसणार. म्हणून फ्लॅश बंद. खिडकीजवळ, थेट ऊन येत नाही अशा जागी काळं किंवा करडं कापड अंथरा. चाकू ठेवा आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा धरा. पात्यात त्या पुठ्ठ्याचं प्रतिबिंब पडतं आणि पातं एकसारखं उजळतं. ओरखडे, घासल्याच्या रेषा, खूण, सगळं वाचता येतं.

एका चाकूचे किमान पाच फोटो काढा : डावी बाजू, उजवी बाजू, पाठ, खुणेचा जवळून, आणि घडीचा असेल तर मिटलेला. प्रत्येकात पट्टी ठेवा. पट्टी नसली तर दहा रुपयांचं नाणं. त्याचा व्यास २७ मिलीमीटर असतो, त्यावरून पुढे कुणालाही माप काढता येतं.

फोटोइतकंच महत्त्व टिपणाला. वस्तूला घरात काय म्हणतात, ते आधी लिहा. आदोळी म्हणत असतील तर आदोळीच लिहा, 'व्हेजिटेबल कटर' नको. कशासाठी वापरतात, कुणी बनवली, कधी आणली, धार कोण लावतं, हे मग. नावाशिवायचा फोटो म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

जुन्या घडीच्या चाकूचा खटका ढिला असतो, तेव्हा तो मालकालाच उघडायला सांगा. पात्याला धारेकडून हात नको. आणि आपल्याकडची जुनी रीत पाळा : सुरी हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. थोरली माणसं म्हणतात, नाहीतर भांडण होतं. भांडणाचं माहीत नाही, बोटं तरी नक्की वाचतात.

पाठवताना

चांगला फोटो कुणाला तरी दाखवावासा वाटतोच. दाखवा; पण काही गोष्टी सांभाळा. फोटोत चाकू असावा, माणूस नसावा. हातात पातं धरून, कॅमेऱ्याकडे रोखून काढलेला फोटो कुणाच्याही मनात धाकच उभा करतो, मग तुमचा हेतू काहीही असो. असे फोटो आणि रील टाकणाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात, हे आपण वाचतोच. टेबलावर, पट्टीशेजारी, टिपणासकट ठेवलेली वस्तू मात्र अभ्यासाची वस्तू दिसते.

कायद्याचंही थोडं माहीत असावं. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे तुमच्या आजीची विळी आणि पाडेल्याचा कोयता कायद्यालाही अवजारच वाटतो. शिखांचं कृपाण तर संविधानाच्या पंचविसाव्या कलमातच धर्माचा भाग म्हणून नमूद आहे. बघा, इथेही 'कलम' आलंच! पण सूट अवजाराला आहे, मिरवण्याला नाही. चाकू घेऊन बाजारात, बसमध्ये, कॉलेजात फिरायचं कारण नाही. मी फोटो जमवते आणि चाकू ज्याच्या त्याच्या घरी ठेवते, ते याचसाठी.

आणि परवानगी. ज्याचा चाकू, त्याला विचारल्याशिवाय फोटो काढू नये आणि पुढे पाठवू नये. फोटोबरोबर घराचा ठावठिकाणा जाणार नाही असं फोनमध्ये करून ठेवा. एखादी जुनी कट्यार कुणाच्या घरात आहे, ही बातमी पसरवायचं काम आपलं नाही.

चोडणचं चर्च सेंट बार्थोलोम्यू यांच्या नावाचं आहे. त्यांची कातडी सोलून हत्या झाली असं मानतात, म्हणून चित्रकार त्यांच्या हातात सुरी देतात, मायकेलअँजेलोनेही दिली. ज्या पात्याने छळलं तेच त्यांची ओळख झालं. पुढे चामडं कमावणाऱ्यांनी आणि कसायांनी, म्हणजे रोज पातं हाती धरणाऱ्यांनी, त्यांनाच आपले पालक संत मानलं. घावाची आठवण आणि रोजची मजुरी एकाच सुरीत मावते, एवढं त्या लोकांना कळलं होतं.

मंडळाच्या सभासदांना एक विनंती. येत्या खंडेनवमीला घरातली अवजारं पाटावर मांडली जातील. ज्यांच्याकडे ही पूजा नसते, त्यांच्याही न्हाणीमागे किंवा माडीवर कोयता, काती, विळा असेलच. कुणी ते धुऊनपुसून ठेवायच्या आधी खिडकीशी न्या, पट्टी ठेवा, पाच फोटो काढा. आणि घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारा, याला आपण काय म्हणतो? जे नाव ते सांगतील, ते त्यांच्याच शब्दांत लिहून फोटोबरोबर मंडळाकडे पाठवा.